बुलेट माईकच पाहिजे असं कुणी सांगितलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे आपल्या वाचकांच्या पत्रांत एका कॉलेजच्या पोरानं विचारलेलं, की ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) हार्मोनिका ॲम्पवर वाजवायला माईक कुठला घ्यावा. लगेच त्याला उत्तरही छापून आलं, की परदेशातनं बुलेट माईक, म्हणजे बंदुकीच्या गोळीसारख्या गोल तोंडाचा जुन्या धाटणीचा माईक, मागव, त्यातही क्रिस्टलवाला जुना मिळाला तर सोन्याहून पिवळं, बाकी माईकवर तो आवाज निघतच नाही. उत्तर देणारे जाणकार असतील, त्यांच्याविषयी काही म्हणणं नाही, पण कोल्हापुरात राहणाऱ्या पोराला क्रिस्टलचा माईक घ्यायला सांगायचं म्हणजे पैसे पंचगंगेत सोड म्हणण्यातला प्रकार झाला. मी शाहूपुरीत ॲम्प, मिक्सर, माईक, जुने डेक असलं दुरुस्त करतो आणि संध्याकाळी शटर ओढलं की बाजा, म्हणजे हार्मोनिका, वाजवतो, त्यामुळं दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं. पत्र जरा लांबलंय. जागा कमी असली तर ॲम्पचा भाग कापा, क्रिस्टलचं तेवढं ठेवा.

आधी एक सांगतो, कारण घोळ तिथनंच सुरू होतो. आपल्याकडे माईक म्हणजे आवाज मोठा करायचं यंत्र. गाणारा गातो, माईकनं ते जसंच्या तसं मागच्या रांगेपर्यंत न्यायचं. आणि आपलं गाव तर असं की अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, देवल क्लब १८८३ पासूनचा, त्या जुन्या बैठकींत माईकचा पत्ताच नव्हता, गळा पोचेल तेवढं गाणं. त्यामुळं चांगला माईक म्हणजे ज्यात काही बदलत नाही, सगळं स्वच्छ येतं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. माउथ ऑर्गन म्हटलं की शोलेतला जय आठवतो, त्या सुराला तसाच माईक पाहिजे, स्टँडवर लावायचा, बाजा वीतभर लांब धरायचा, विषय संपला. ब्लूजमधे सगळं उलटं. दहा भोकांचा छोटा डायटॉनिक (एकाच पट्टीचा) बाजा, होनर कंपनीचा मरीन बँड १८९६ पासून त्याच ठेवणीचा चालत आलाय, तो बाजा आणि माईक दोन्ही एकाच ओंजळीत धरायचे, दोन्ही हातांनी गच्च बंद करायचे आणि वायर मिक्सरला न जाता गिटारच्या ॲम्पला जाते. तिथं माईक, हात, ॲम्प आणि बाजा मिळून एकच वाद्य होतं. आवाज बिघडवायचाच असतो, फक्त आपल्या मर्जीनं. हे एकदा डोक्यात बसलं की माईक निवडायची रीतच बदलते.

हे सुरू झालं गरजेतनं. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास मिसिसिपीकडनं कामाधंद्याला शिकागोत आलेली माणसं, मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रस्त्यावर वाजवणारी आणि रात्री क्लबात, तिथं गिटार इलेक्ट्रिक झालेल्या, मागं ड्रम, समोर पिऊन बोलणारं पब्लिक, त्यात चार इंचाचा बाजा कुणाला ऐकू येणार. मग मिळेल तो स्वस्तातला भाषणाचा माईक हातात धरून ॲम्पला लावला. लिटल वॉल्टर हा शिकागोतला ब्लूज गायक मडी वॉटर्स याच्या बँडमधला पोरगा, विशी नुकतीच ओलांडलेला, त्यानं १९५२ मधे चेस कंपनीच्या चेकर लेबलवर गाण्याशिवाय, बाजाच्या सुरांचं एक रेकॉर्ड काढलं आणि ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत आठ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. तेव्हापासनं तो आवाज म्हणजेच बाजाचा आवाज झाला. त्या लोकांनी टोन बिन बघून माईक निवडला नव्हता हे लक्षात घ्या. ॲस्टॅटिक कंपनीचा जेटी-३० आणि शुअर कंपनीचा ५२०, ज्याला हिरव्या रंगामुळं ग्रीन बुलेट म्हणतात, तो १९४९ चा, हे दोन्ही बुलेट माईक भाषणं, टॅक्सी कंट्रोल, हौशी रेडिओवाले असल्या कामाचे. माणसाचं बोलणं खरखरीत का होईना कळलं पाहिजे एवढाच त्यांचा हेतू. बाजावाल्यांच्या हातात ते आले कारण स्वस्त होते, आणि आज तेच माईक लोक देव्हाऱ्यात ठेवल्यासारखे जपतात.

आता ओंजळीत नक्की होतं काय, ते सांगतो. बाजाचा आवाज मागच्या बाजूनं, पत्र्याच्या फटीतनं बाहेर पडतो. ती बाजू आणि माईकचं तोंड यांच्यात हातांनी एक बंद खोली तयार केली की तिथं आवाजाचा दाब एकदम वाढतो, तुम्ही फुंकताय तेवढंच पण माईकला ते कितीतरी पट जोरात लागतं. वरचे चिरचिरे सूर दबतात, मधले फुगतात. माईकमधनं जास्त व्होल्टेज निघतं आणि ॲम्पच्या पहिल्या व्हॉल्वमधे (काचेच्या नळीत) आवाज तिथंच फाटायला, म्हणजे जाड आणि खरखरीत व्हायला लागतो. हात जरा उघडला की आवाज परत साफ. म्हणजे आवाज किती फाडायचा त्याचा नॉब तुमच्या बोटात आहे. आता आणखी एक गंमत. गायकाचा जो नेहमीचा माईक असतो, कार्डिऑइड, समोरचं ऐकतो आणि मागचं टाळतो, त्याला ते जमतं कारण त्याच्या कॅप्सूलच्या मागं छोटी भोकं ठेवलेली असतात. जाळी मुठीत धरली की ती भोकं बंद होतात आणि माईक चारी बाजूंनी ऐकायला लागतो. म्हणून तर साउंडवाले गाणाऱ्यांना ओरडतात, अहो जाळी धरू नका, शिट्टी येते. आपण नेमकं तेच मुद्दाम करतो. त्यामुळं डब्यावर कार्डिऑइड लिहिलंय का ओम्नी लिहिलंय याच्यावर आपण पैसे खर्च करण्यात अर्थ नाही, मुठीत गेला की याबाबतीत सगळे सारखेच.

म्हणून माईक हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नये. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुणी सांगत नाही. बुलेट माईक गोल, जाड आणि वजनदार असतो, अमेरिकेतल्या दांडग्या माणसाच्या पंजात तो बसतो, आपल्याकडच्या सोळा-सतरा वर्षाच्या पोराच्या किंवा पोरीच्या हातात बाजा धरून वर तो पकडला की कुठंतरी फट राहतेच आणि फट राहिली की दाब गेला, दाब गेला की बुलेट घेतलेला न घेतलेला सारखा. शुअरचा एसएम५८ म्हणजे गायकांचा नेहमीचा माईक, त्याची गोल जाळी ५१ मिलिमीटरची, त्याच कंपनीच्या एसएम५७ चं तोंड ३२ मिलिमीटरचं. छोट्या हाताला ५७ किंवा त्याचा थोरला भाऊ ५४५ जास्त चांगला बसतो. हा ५४५ म्हणजे युनिडाइन थ्री, १९५९ चा, त्यातनंच पुढं १९६५ ला ५७ आणि १९६६ ला ५८ निघाले. अमेरिकेतला ब्लूज बाजावाला पॉल बटरफिल्ड ५४५ वरच वाजवायचा आणि त्याचा आवाज ऐकून कुणी म्हणणार नाही की याला बुलेट पाहिजे होता. घरात हात तपासायचा असेल तर माईक नसला तरी चालतं. तेवढ्या जाडीची बाटली घ्या, बाजाच्या मागं धरा, हात बंद करा आणि दोन नंबरचं भोक आत ओढा. हवा बोटांतनं सुटली तर लगेच कळतं, आणि व्यवस्थित बंद झालं तर ओढायलाही जड जातं आणि सूर एकदम घुमल्यासारखा आत कोंडतो. आरशासमोर करा, करंगळीपाशी फट हमखास सापडेल.

बुलेटची बदनामी करायची नाहीये. चांगला बुलेट चांगल्या हातात काटा किर्रर्र वाजतो. अलीकडचा शुअर ५२०डीएक्स कंपनीच्या कागदावर १०० ते ५,००० हर्ट्झ घेतो, एसएम५८ घेतो ५० ते १५,०००. ए पट्टीच्या बाजाचा सगळ्यात खालचा सूर २२० हर्ट्झचा आणि सगळ्यात वरचा १,७६० चा, म्हणजे मूळ सूर सगळे बुलेटमधे मावतात आणि वरचा जो किरकिराट असतो तो माईकच कापून टाकतो. ५८ वर तोच किरकिराट ॲम्पचा ट्रेबल उतरवून कापावा लागतो, एवढाच फरक. शिवाय बुलेटला व्हॉल्यूमचा नॉब अंगावरच असतो, ही मात्र खरी सोय, कारण शिट्टी आली की ॲम्पपर्यंत पळायला वेळ नसतो. जुन्या बुलेटमधे शुअरचे ते कंट्रोल्ड रिलक्टन्स आणि कंट्रोल्ड मॅग्नेटिकचे एलिमेंट (आवाजाची वीज करणारा आतला भाग) यायचे, लोक त्याला सीआर आणि सीएम म्हणतात, ते चुंबकावर चालतात, टिकतात, मला स्वतःला त्यांचा आवाज सगळ्यात आवडतो. पण जुना माल आहे, आत नक्की काय बसवलंय हे उघडून बघितल्याशिवाय कळत नाही आणि विकणारा उघडू देत नाही. मल्टीमीटर तरी लावून बघा, चुंबकवाला काहीतरी ओम दाखवेल, क्रिस्टल काहीच दाखवणार नाही.

आता क्रिस्टल. जेटी-३० मधला एलिमेंट म्हणजे रोशेल सॉल्ट, सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट, शुद्ध मराठीत मीठच. त्याला दाब दिला की वीज निघते, हे क्युरी बंधूंनी १८८० मधे दाखवलं, आणि वीज निघते ती भरपूर, म्हणून स्वस्तातल्या माईकला आणि ग्रामोफोनच्या पिकअपला ते सोयीचं पडलं. पण मीठ ते मीठ. हवेत ओल जास्त झाली की ते पाणी धरतं आणि विरघळायला लागतं, फारच कोरडी हवा झाली तर सुकून जातं, आणि साधारण ५५ डिग्रीला कामातनं जातं. आता आपल्याकडचा हिशोब करा. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो तो सप्टेंबर संपेपर्यंत, राधानगरीचे दरवाजे उघडतात, पंचगंगा इशारा पातळीला, कपाटातल्या चपलांना बुरशी, भिंतीला पोपडे, गादी दमट, रांगोळीचा डबा उघडला तर ढेकूळ. त्या चार महिन्यांत रोशेल सॉल्टनं जगायचं कसं? आणि त्यातनं वाचलाच तर एप्रिल-मे मधे बंद गाडीत उन्हात राहिला की खल्लास, बंद गाडीतलं तापमान सहज ५५ च्या पुढं जातं. आणि हे बाहेरच्या हवेचं झालं, बाजावाला तर तोंडाची वाफ थेट माईकवर सोडतो ते वेगळंच. माझ्याकडे दुरुस्तीला आलेले क्रिस्टल माईक बहुतेक करून आवाज खोल गेलाय, पातळ झालाय, टेलिफोनवर बोलल्यासारखं येतंय अशा तक्रारीचे असतात, आणि त्याला दुरुस्ती नाही. एलिमेंट गेला म्हणजे गेला. मग कुणीतरी त्यात सिरॅमिक बसवतो, ते ओलीला घाबरत नाही पण आवाज बारीक देतं, आणि मालक म्हणतो आता पूर्वीची मजा राहिली नाही. म्हणजे पैसे दिले क्रिस्टलच्या नावाला आणि वाजवतोय सिरॅमिक. कुणाकडं वडिलोपार्जित चांगला चालू क्रिस्टल असेलच तर पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवा, आणि वाजवून झाला की लगेच डब्यात न टाकता पंख्याखाली थोडा सुकू द्या. नवीन घेणाऱ्यानं मात्र नादच करू नये. (बाजाचंही तसंच आहे, लाकडी पट्टीचा मरीन बँड पावसाळ्यात फुगतो आणि ओठाला टोचतो, पावसाळ्यापुरता प्लास्टिकच्या पट्टीचा वापरा.)

पुढचा मुद्दा पिनचा. माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांचं निम्म्याहून जास्त दुखणं इथंच असतं. माईक चांगला, ॲम्प चांगला, मधली वायर चुकीची, आणि मग म्हणतात ५८ वर ब्लूज वाजत नाही. एसएम५८ आणि त्याच्या जातीचे सगळे माईक लो इम्पिडन्सचे (म्हणजे विजेला अडथळा कमी), दीडशे-तीनशे ओमचे, कॅनन पिनचे (तीन काड्यांची गोल, एक्सएलआर पिन). गिटार ॲम्पचं इनपुट साधारण दहा लाख ओमचं, म्हणजे एक मेगओम, पी-३८ मोनो पिनचं (गिटारच्या वायरीला असते ती जाड पिन). एका टोकाला कॅनन आणि दुसऱ्या टोकाला मोनो अशी साधी वायर बाजारात कुठंही मिळते, ती लावली की आवाज येतो पण मेलेला येतो, व्हॉल्व फाटायला लागतं तेवढं व्होल्टेजच पोचत नाही. मधे मॅचिंग ट्रान्सफॉर्मर पाहिजे. बोटाएवढी नळी असते, एका बाजूला कॅनन, दुसऱ्या बाजूला मोनो पिन, आत छोटा ट्रान्सफॉर्मर, तो व्होल्टेज साधारण दहा पट किंवा जास्त वाढवतो. हा लावल्यावर तोच ५८ त्याच ॲम्पवर असा अंगावर येतो की माणूस दचकतो. तो ॲम्पच्या टोकाला लावायचा, माईकच्या टोकाला नाही, म्हणजे लांबची वायर लो इम्पिडन्सचीच राहते आणि हम कमी येतो. हाय इम्पिडन्सची वायर लांब केली की वरचे सूर वायरमधेच गळतात, म्हणून बुलेट वापरणाऱ्यानं वीस फुटाच्या पुढं जाऊ नये, ५२०डीएक्सची स्वतःची वायरही तेवढीच असते. उलट क्रिस्टल किंवा बुलेट थेट मिक्सरला खुपसला तरी घोटाळा, क्रिस्टलचा तर मिक्सरच्या कमी ओमच्या इनपुटला सगळा खर्ज उडून जातो आणि डास गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. तिथं हाय इम्पिडन्स घेणारा डीआय बॉक्स लागतो. आपल्याकडे मंडळाच्या, शाळेच्या, देवळाच्या पीए ॲम्पला मागं मोनो पिनची माईक इनपुटं असतात, तिथं लावून बघायला हरकत नाही, पण ते ॲम्प भाषणासाठी असतात, फाटले की कर्कश फाटतात, व्हॉल्वसारखे गोड फाटत नाहीत.

कंडेन्सर माईक घेऊ नका एवढं एका ओळीत. त्याला ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे माईकच्या वायरीतनं येणारी वीज, लागतं, गिटार ॲम्प ते देत नाही, शिवाय ओंजळीतला दाब आणि वाफ दोन्ही त्याला सोसत नाही. कॉलरचा, हेडसेटचा, हे प्रकार तर विचारूसुद्धा नका.

मग घ्यायचा काय. मला विचाराल तर पहिला माईक म्हणून ५७, ५४५ किंवा ५८, यातला हातात बसेल तो, आणि एक ट्रान्सफॉर्मर. आपल्या गल्लीतल्या साउंडवाल्याकडं ५८ असतोच, एक संध्याकाळ मागून आणा, हातात बसतोय का बघा, मग घ्या. घेताना बिल आणि वॉरंटी बघून घ्या, नकली ५८ बाजारात भरपूर आहेत, वजनाला हलके लागतात, खऱ्याचं वजन २९८ ग्रॅम. नॉब पाहिजेच असेल तर ऑडिक्सचा फायरबॉल व्ही नॉबसहित येतो, अंगानं आखूड आहे, तोही लो इम्पिडन्सचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर त्यालाही लागतोच. लांब दांड्यामुळं मनगट भरून येतं ही ५७-५८ ची खरी अडचण, मागं कॅननची जड पिन लोंबत असते. त्याला आपल्या गावात उपाय आहे जो मुंबई-पुण्यात शोधावा लागेल. उद्यमनगरात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या वस्तीत, लेथवर अर्ध्या दिवसात ॲल्युमिनियमची आखूड नळी खरादून मिळते, ५७ चं पुढचं डोकं त्यात बसवायचं, मागं मोनो सॉकेट, झाला मुठीत मावणारा माईक. ५७ च्या दांड्यात आत एक ट्रान्सफॉर्मर असतो तो या कामात बाहेर पडतो, त्यामुळं आवाज थोडा बदलतो आणि वॉरंटी जाते, म्हणून नव्या माईकवर न करता पडीक किंवा मोडक्या माईकवर करा. डोक्याकडनं येणाऱ्या तारा केसाएवढ्या बारीक असतात, सोल्डरिंग गन घेऊन बसू नका, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न घ्या किंवा सरळ कुणाकडनं तरी करून घ्या.

ॲम्पचं थोडक्यात. मोठा नको. पाच ते पंधरा वॅटचा, आठ किंवा दहा इंची स्पीकरचा व्हॉल्व ॲम्प मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर साधा ट्रान्झिस्टरचा चालेल, गेन (आत आलेला आवाज सुरुवातीलाच किती वाढवायचा तो नॉब) कमी, व्हॉल्यूम जास्त, बास चढता, ट्रेबल उतरता. गिटारवाले गेन चढवून वाजवतात ते बघून तुम्ही चढवू नका, ओंजळ उघडली रे उघडली की शिट्टी. मोठमोठ्या बाजावाल्यांचा लाडका ॲम्प फेंडरचा १९५९ चा बासमन, दहा इंची चार स्पीकरवाला, तो ऐकायला भारी पण आपल्या हॉलमधे मध्यावर नॉब नेला की खुर्च्या हलतील. व्हॉल्व ॲम्पमधे पहिली व्हॉल्व १२एएक्स७ नंबरची असते, ती काढून १२एवाय७ किंवा १२एयू७ लावली की गेन उतरतो, पिना त्याच, शिट्टी बरीच लांब जाते आणि माईकला आणखी जोर देता येतो. ही व्हॉल्व मागच्या बाजूनं नुसती ओढून बदलता येते, पण ॲम्प बंद करून, गार झाल्यावर, आणि चासी उघडून आत हात घालायचा नाही, आतल्या कपॅसिटरमधे स्विच बंद केल्यावरही कित्येक वेळ जीवघेणं व्होल्टेज राहतं. एक छोटा डिले पेडल, एकच परत येणारा आवाज, अगदी जवळचा, एवढं पुरतं. डिस्टॉर्शनचा पेडल घेऊ नका, ते काम तुमच्या हातानं आणि ॲम्पनं करायचंय.

शेवटी हॉलचं. गावातल्या एका हॉलमधे मी बघितलेलं सांगतो, नाव घेत नाही. पोरगं छान वाजवत होतं, त्याचा स्वतःचा छोटा ॲम्प होता, त्याचा आवाज साउंडवाल्यानं घेतलाच नाही, त्याच्यापुढं गायकाचा स्वच्छ माईक उभा केला आणि म्हणाला यात वाजव, तुझा ॲम्प फाटलाय. पोरगं गप्प बसलं आणि त्या माईकवर वाजवून मोकळं झालं, पब्लिकला वाटलं बाजा म्हणजे एवढंच. साउंडवाल्यांना दोष देत नाही, गणपतीत डॉल्बी लावणाऱ्या माणसाला कुणी हे सांगितलेलंच नसतं, त्याच्या धंद्यात आवाज फाटणं म्हणजे बदनामी. म्हणून वाजवणाऱ्यानं आधीच सांगायचं. ॲम्प खुर्चीवर ठेवायचा, कमरेच्या उंचीला. त्याच्या स्पीकरच्या कापडाला जवळजवळ चिकटवून, मधल्या टोपीपासनं जरा बाजूला एक ५७ उभा करायचा आणि तेवढाच मिक्सरला न्यायचा. मिक्सरवर त्या चॅनलचा बास काढू नका आणि ट्रेबल वाढवू नका म्हणायचं, नाहीतर ते सवयीनं दोन्ही करतात. स्टेजच्या मॉनिटरमधे बाजा अजिबात टाकायचा नाही, तुमचा ॲम्पच तुमचा मॉनिटर. तुम्ही ॲम्पच्या बाजूला थोडं पुढं उभं राहायचं, ओंजळीचं तोंड स्पीकरकडं वळू द्यायचं नाही. आणि साउंड चेकला हात पूर्ण बंद करून सगळ्यात जोराचा सूर दोन-चार वेळा वाजवून दाखवायचा, मिक्सरवाल्यानं लेव्हल त्याच्यावर लावली की कार्यक्रमात तो घाबरून फेडर खाली ओढत नाही.

आपला,
एक बाजावाला दुरुस्तीवाला
शाहूपुरी, कोल्हापूर